मदत हवी आहे: ‘लुक फॉरवर्ड टू’ नंतर ‘मीट’ की ‘मीटिंग’?

नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये नेदरलँड्सच्या खरेदीदारांशी होणारा ईमेल व्यवहार माझ्याकडे आहे. गेली काही वर्षे मी प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असेच लिहीत आले, कारण ‘टू’ नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते हे शाळेत पक्के घोटून घेतलेले होते. परवा भाचीने ते ‘मीटिंग यू’ असे दुरुस्त केले. तिच्या मते येथील ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा आहे. म्हणूनच त्यापुढे ‘युअर रिप्लाय’ असे नुसते नाम चालते, पण ‘आय वॉन्ट टू’ नंतर ते चालत नाही. ही कसोटी मला पटली. (जुनी पत्रे मात्र आता उघडवत नाहीत!)

माझी खरी अडचण पुढची आहे. औपचारिक पत्रात ‘आय लुक फॉरवर्ड’ लिहावे की ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’, आणि दुसऱ्या रूपाने सलगी जाणवते का? शिवाय थकलेल्या पैशांची आठवण देताना ‘वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युअर पेमेंट’ हे वाक्य सौम्य वाटते की टोमण्यासारखे? जाणकारांनी कृपया उदाहरणे देऊन सांगावे.