दिवे घाटात ठोकलेली पिकअप: भंगारातले पार्ट लावून उभी राहील का?

पुरंदर_शेतकरी:

मंडळी, सल्ला हवा आहे. मुलगा १९ वर्षांचा, चारचाकीचं पक्कं लायसन्स आहे. आमची २०१५ ची बोलेरो पिकअप घेऊन मार्केट यार्डातून रिकामाच सासवडला परत येत होता. दिवे घाटात वळणावर गाडीची डावी बाजू कठड्यावर गेली. त्याला लागलं नाही, मध्ये दुसरी गाडी नव्हती, केस झालेली नाही.

पुढचा बंपर, जाळी, डावा हेडलाइट आणि डावं मडगार्ड गेलं. बोनेट मधोमध दुमडलंय. रेडिएटर मागे सरकून पंख्याला टेकलाय. डावं चाक मागे गेल्यासारखं दिसतं आणि डावं दार उघडताना घासतं. धडकेनंतर इंजिन लगेच बंद केलं, पुन्हा चालू केलेलं नाही.

विमा फक्त थर्ड पार्टीचा. नव्या पार्टचा अंदाज काढला तर गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जातो. मुलाचं म्हणणं, जुने पार्ट आणून ओळखीच्या फिटरला बरोबर घेऊन आपल्याच शेडमध्ये काम करू. चेन ब्लॉक, १० टनी जॅक आणि आर्क वेल्डिंग आहे. सुरुवात कुठून करायची? जुनं काय चालेल आणि काय अजिबात नको?

चेसी_पाटा:

काका, एकही पार्ट विकत घेण्याआधी चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मोजा. मडगार्ड-बोनेट कधीही मिळेल. चाक मागे जाणं आणि दार घासणं, या दोन गोष्टींवर गाडी दुरुस्त करायची की विकायची ते ठरेल.

पुढचं फुटलेलं सगळं उतरवा. गाडी सपाट कोब्यावर घ्या, चेसीखाली चार घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने चेसीचा मागचा, न लागलेला भाग डावी-उजवी एका पातळीत आणा. मग चेसीच्या दोन्ही लांब दांड्यांवर जोडीने असलेल्या जागा निवडा: बंपर ब्रॅकेटचा बोल्ट, पुढच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरची पिन, केबिनचे माउंटिंग बोल्ट, मागच्या पाट्यांच्या हँगरची पिन. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा आणि कोब्यावर खूण करा. खुणा खडूने नको, पुसतात. बारीक मार्कर घ्या.

आता लागोपाठच्या चार-चार खुणांची चौकट धरून तिचे दोन कर्ण मोजा. ३ मिमीपर्यंतचा फरक सोडून द्या. ५ मिमीच्या वर गेला की ती चौकट हलली. त्यानंतर डाव्या-उजव्या खुणांचे मध्यबिंदू काढा आणि मागून पुढे दोरी ताणा. कर्ण चुकतात पण मध्यबिंदू दोरीवर आहेत, तर एक दांडा नुसता मागे सरकलाय. मध्यबिंदूच दोरी सोडून गेले, तर चेसीचं नाक बाजूला वळलंय. शेवटी पाण्याच्या नळीने पुढच्या टोकांची उंचीही तपासा.

फितीच्या बरोबरीने डोळ्यांनीही बघा. दांडा वायर ब्रशने घासून घ्या. आतल्या अंगाला सुरकुती, रंगाचे सुटलेले पापुद्रे, रिव्हेटच्या डोक्याभोवती काळी रेघ (रिव्हेट ढिली झाल्याची खूण) शोधा. सुरकुती पाट्याच्या पुढच्या हँगरच्या पुढे असेल तर काम शेडमध्ये होईल. हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या बुडापाशी असेल तर चेसी बेंचवालाच (यंत्रावर चेसी सरळ करणारा) गाठा. तिथे जॅक आणि साखळी पुरत नाही.

चाकाचं कारण बहुतेक वेगळं निघेल. पुढे पाटे असतील तर दोन्ही बाजूंनी हँगरच्या पिनेपासून एक्सलपर्यंतचं अंतर मोजा. सेंटर बोल्ट (पाट्यावर एक्सलला जागेवर धरणारा) तुटला की यू-बोल्ट असूनही एक्सल पाट्यावर घसरतो. पुढे कॉइल असेल तर खालचा आर्म काढून उजव्या आर्मशेजारी ठेवा, वाक लगेच दिसतो. वाकलेला आर्म सरळ करायचा नाही, बदलायचा.

दारासाठी आधी मडगार्ड काढून बघा. मडगार्ड मागे दाबलं गेलं की दाराची पुढची कड घासते. तरीही घासत असेल तर केबिनचे रबर माउंटिंग बघा, केबिन चेसीवर थोडी सरकलेली असते. ते दोन्ही ठीक असेल तरच बिजागरीच्या खांबाचा संशय घ्या. दाराच्या चौकटीचे कर्ण डावीकडे आणि उजवीकडे मोजले की कळतं.

जुना_माल:

मोजमाप ठीक आलं असं धरून पार्टचं सांगतो.

सुटे सुटे पार्ट गोळा करू नका. मागून ठोकलेली किंवा पलटी न होता बाद झालेली त्याच पिढीची पिकअप शोधा आणि तिचं पुढचं तोंड एकत्र घ्या: रेडिएटरची चौकट, दोन्ही मडगार्डं, बोनेट बिजागऱ्या आणि लॉकसह, जाळी, हेडलाइट, बंपर ब्रॅकेट. एकाच गाडीचे पत्रे एकमेकांना बसलेले असतात. तीन गाड्यांचे तीन पत्रे आणले की बोनेटचा गाळा (फट) एका बाजूला ४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ९ मिमी येतो, आणि मग डेंटर तो लांबी (पुट्टी) भरून लपवतो. उजवं मडगार्ड तुमचं चांगलं असलं तरी जोडी घ्या. नको असलेलं परत विकता येतं.

पुण्यात नवे पार्ट नाना पेठेत मिळतात. जुन्या मालासाठी पूर्वी लोक सरळ कुदळवाडीला जायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली हजारो बांधकामं पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडली, त्यामुळे जुन्या पत्त्यावर जाण्याआधी फोन करा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पाने, क्लॅम्प, हँडल, काचेची पट्टी असं किरकोळ बघा, गाडीचं तोंड तिथे शोधू नका. २०२१ च्या नियमांखाली नोंदणी झालेली स्क्रॅपिंग केंद्रंही आहेत. त्यांच्याकडून घेतलेल्या मालाचा कागद पक्का असतो.

पत्रा घेताना लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे पकड कमी होते तिथे लांबी भरलेली आहे. एमएच-०८ किंवा एमएच-०७ ची गाडी असेल तर मडगार्डाची खालची घडी आणि रेडिएटर चौकटीचं बूड स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. कोकणातला गंज आतून खातो, वरून रंग चांगला दिसतो. रेडिएटरच्या झाकणातून बोट घाला: तपकिरी गाळ चालेल, तेलाचा तवंग असेल तर त्या गाडीचं हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, तो रेडिएटर सोडा. वायरिंगचे कनेक्टर घेताना मागे किमान १५ सेंटीमीटर वायर राहील असे कापून घ्या.

जुनं अजिबात नको: सीटबेल्ट, ब्रेकचे होज, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, इंजिन माउंटिंगचे रबर, व्हील बेअरिंग. धडकेत तुमच्या मुलाच्या अंगावर ताणला गेलेला सीटबेल्टही बदला. पट्ट्याचे धागे ओढले गेलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. स्टब एक्सल (ज्यावर चाक फिरतं तो तुकडा) जुना घ्यावाच लागला तर डाय पेनेट्रंटने तडा तपासल्याशिवाय लावू नका. लाल स्प्रे, पुसणं, पांढरी पावडर, एवढंच काम आहे.

बिलावर ज्या गाडीचा माल आहे तिचा नंबर लिहून घ्या. चोरीचा माल निघाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागू होऊ शकतं.

कागदपत्र_पुणे:

थोडंसं कागदांचं. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलंय. म्हणजे पिवळ्या पाटीच्या पिकअपसाठी वेगळ्या नोंदीची अडचण नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ मध्ये अशा गाडीसाठी वयाची २० वर्षांची अट आहे आणि मुलगा १९ चा आहे, म्हणून त्याच्या हातात देण्याआधी आरटीओत विचारा.

तुमच्या दांड्यावर चेसी नंबर जिथे कोरलाय त्याच्या आसपास ग्राइंडर, वेल्डिंग, लांबी काहीही नको. दुसऱ्या गाडीच्या दांड्याचा तुकडा लावलात तर त्यावर तिचा नंबर नाही ना, ते आधी बघा. केबिनचा रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, म्हणून मूळ रंगच ठेवा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असतं. काम सुरू करण्याआधीचे आणि चेसी ओढल्यानंतरचे फोटो मापांसह ठेवा, फिटनेसला आणि पुढे गाडी विकताना उपयोगी पडतात.

पुरंदर_शेतकरी:

मनापासून धन्यवाद. मोजलं. मागच्या दोन्ही चौकटींत फरक २ मिमी. सगळ्यात पुढच्या चौकटीत ११ मिमी. बंपर ब्रॅकेटचा मध्यबिंदू दोरीच्या उजवीकडे ७ मिमी, बाकी सगळे दोरीवर. पुढे पाटेच आहेत. डावा सेंटर बोल्ट तुटलाय, एक्सल ९ मिमी मागे. सुरकुती फक्त डाव्या दांड्याच्या टोकाला, हँगरच्या पुढे साधारण एक वीत. मडगार्ड काढल्यावर दार मोकळं झालं. टोक गॅसवर लाल करून ठोकावं असं फिटर म्हणतो, ते चालेल का?

चेसी_पाटा:

गॅस नको. चेसीचा पत्रा जास्त ताकदीच्या पोलादाचा असतो. लाल केला की ती ताकद जाते, आणि तापलेल्या पट्ट्याच्या शेजारी पुढे भार पडल्यावर तडा जातो. थंडच ओढा.

मागचा क्रॉस मेंबर (दोन दांडे जोडणारा आडवा तुकडा) दोन साखळ्यांनी कोब्यातल्या अँकरला बांधा, नाहीतर चेसीऐवजी गाडीच पुढे येईल. धडक ज्या दिशेने आली त्याच्या बरोबर उलट ओढायचं, म्हणजे तुमच्याकडे पुढे आणि डावीकडे. साखळीवर ओलं गोणपाट टाका आणि ताण असताना तिच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका, मुलाला हे आधी सांगा. थोडा ताण द्या, सुरकुतीभोवती लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने हलकं ठोका, ताण सोडा, मोजा. पोलाद ताण सोडल्यावर मागे येतं, म्हणून हव्या त्या जागेच्या ३-४ मिमी पुढे न्यावं लागतं. एका दमात ११ मिमी काढायला गेलात तर सुरकुतीच्या जागी फाटेल.

सरळ झाल्यावर सुरकुतीवर डाय पेनेट्रंट मारा. तडा दिसला तर त्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, ग्राइंडरने व्ही खाच करा आणि ७०१८ वेल्डिंग रॉडने भरा. रॉड भट्टीत सुकवलेले हवेत. ओलसर रॉडमुळे जोडात हायड्रोजन शिरतो आणि तडा काही दिवसांनी पुन्हा उघडतो. खिडक्यांच्या ग्रिलला वापरतात तो ६०१३ इथे नको. दांड्याच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा जोड मारू नका, भोकही पाडू नका, सगळा ताण तिथेच असतो. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं, अल्टरनेटर आणि ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) कनेक्टर काढा. अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा.

एक्सलसाठी: एक्सलवर पाटा टेकतो त्या पॅडमधलं सेंटर बोल्टचं भोक लांबट झालं नाही ना बघा. नवा सेंटर बोल्ट, चार नवे यू-बोल्ट, नट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे कसा. चाक जमिनीवर आल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कला शेवटचे कसा. दोन्ही बाजूंच्या अंतरात ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

एक गोष्ट लोक विसरतात. मार डाव्या चाकाला बसला तरी तो टाय रॉडमधून उजवीकडच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जातो. टाय रॉड काढून काचेवर लोळवा, वाकला असेल तर बदला. मग बॉक्स मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. फेरे सारखे नसतील किंवा मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर सेक्टर शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) पिळला गेलाय, बॉक्स उघडावाच लागेल.

डिझेल_भोसरी:

इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने हलवून बघा. वॉटर पंपाच्या बेअरिंगमध्ये जराही खेळ असेल तर पंप नवा घाला. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा, पुली वाकडी फिरते का पाहा. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर इंजिन बसतं आणि पंखा श्राउडला (पंख्याभोवतीच्या कवचाला) खालून लागतो. चारही बाजूंनी सारखी फट यायला हवी.

जुना रेडिएटर बसवण्याआधी पाण्यात बुडवून हवेने तपासा. झाकणावर जो दाब लिहिलाय त्याच्या वर जाऊ नका, जुन्या टाकीचा जोड सुटतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी घातलं की क्षार नळ्यांत धरतात आणि घाट चढताना काटा वर जातो.

हेडलाइटच्या वायरचे जोड एकाच जागी आणू नका, ३-४ सेंटीमीटर पुढेमागे ठेवा आणि प्रत्येकावर हीट श्रिंक घाला. एच४ बल्ब साधारण ५ अँपियर घेतो, बारीक वायर तापते.

पुरंदर_शेतकरी:

टाय रॉड वाकलाय, नवा मागवला. स्टिअरिंग बॉक्सचे फेरे सारखे आहेत. आता शेवटचं: ब्रेकची हवा आणि पहिली चाचणी कशी घ्यायची?

चेसी_पाटा:

मास्टर सिलेंडर उजवीकडे आहे, त्यामुळे क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या एक्सलजवळचा भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह छेडू नका. झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (चाकाचा वरून आत-बाहेर कल) अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर एक्सल बीमच वाकलाय. त्यावर टो (चाकांचं तोंड आत-बाहेर वळणं) बदलून उपाय करणाऱ्याचं ऐकू नका. टायर खाईल आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढेल.

पहिली चाचणी रिकामी, सपाट रस्त्यावर, ४० च्या आत. हात हलका ठेवून ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली तर अर्धा माल भरून सासवड-जेजुरी सपाटीवर फिरवा, परत येऊन यू-बोल्ट पुन्हा कसा आणि एक्सलचं अंतर पुन्हा मोजा. ते हललं नाही तरच भरलेली गाडी घाटात उतरवा. हेडलाइट १० मीटरवरच्या भिंतीवर लावा, डिपरची कड बल्बच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली यायला हवी. मागे माल असताना नाक उचललं जातं, म्हणून हे माप अर्ध्या मालावर घ्या.