व्हिसा संपत आलाय, घरमालक पत्ता नोंदवू देत नाही आणि डिसेंबरात बहिणीचं लग्न

सांगलीकर_व्रोत्स्वाफ

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये एका कंपनीत अकाउंट्सच्या टीमला आहे. उमोवा ओ प्रात्से म्हणजे नोकरीचा करार आहे, डी (लाँग-स्टे) व्हिसावर आलोय आणि तो नोव्हेंबरच्या शेवटी संपतोय. त्याआधी कार्ता पोबितूचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, अर्ज टाकायचाय पण सगळीकडूनच अडकल्यासारखं झालंय म्हणून इथे विचारतोय.

पहिलं म्हणजे घरमालक. भाडं वेळेवर घेतो, माणूस वाईट नाही, पण झामेल्दोवानिएचं, म्हणजे पत्ता नोंदवण्याचं, नाव काढलं की हात वर करतो. म्हणतो एकदा इथे तुझा पत्ता नोंदवला की उद्या तुला बाहेर काढता येणार नाही. आता पत्ता नाही म्हणून पेसेल (इथला ओळख नंबर) नाही, पेसेल नाही म्हणून प्रोफिल झाउफानी (सरकारी ऑनलाइन ओळख) नाही आणि ते नाही म्हणून ऑनलाइन सही करता येत नाही, मग अर्ज भरायचा कसा?

दुसरं, डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे सांगलीला. घरात मी एकटाच भाऊ, न जाऊन चालणारच नाही. एचआर म्हणते अर्ज केला की राहणं लीगल होतं, बिनधास्त जा. फ्रँकफुर्टवरून तिकीट स्वस्त मिळतंय. जाऊ का?

तिसरं, पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं आहेत, कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर फक्त माझं नाव आणि आडनाव. याने काही बिघडेल का? पुढच्या वर्षी बायकोलाही आणायचंय. एक एजंट सगळं करून देतो म्हणतोय, पण पैसे ऐकून विचारात पडलोय.

अनघा_क्राकोव्ह

दादा, घाबरू नका, पत्ता आणि पेसेलची गाठ तुम्ही समजताय तेवढी घट्ट नाहीये. झामेल्दोवानिए झालं की पेसेल आपोआप मिळतो हे खरं, पण त्याशिवायही मिळतो. महापालिकेच्या ऑफिसात पेसेलचा वेगळा अर्ज करता येतो, फक्त तो कशासाठी हवाय आणि कुठल्या कायद्याखाली हवाय ते त्या फॉर्मवर लिहावं लागतं. नोकरी करणाऱ्याला टॅक्ससाठी लागतोच, त्यामुळे कंपनीच्या पेरोलवाल्यांकडून नेमकं कलम लिहून घ्या आणि पासपोर्ट, कॉन्ट्रॅक्ट घेऊन जा. मोघम "बँकेला हवाय" वगैरे सांगितलं तर परत पाठवतात.

दुसरं म्हणजे नोकरीच्या आधारावर जो राहण्याचा आणि कामाचा एकत्र परवाना असतो त्याला 2022 पासून घराचा पुरावा द्यावा लागत नाही. कंपनीने भरायचा भाग नीट भरलेला हवा आणि पगार किमान वेतनाच्या खाली नको, या दोन गोष्टींकडे जास्त लक्ष द्या.

आता घरमालकाचं. पत्ता नोंदवणं ही इथे नुसती नोंद आहे, त्याने घरावर कसलाही हक्क येत नाही. पण ही भीती इथल्या लोकांच्या डोक्यात पक्की बसलीये, तुम्ही कायदा दाखवून ती जाणार नाही. काही जण भाड्याचं उत्पन्न टॅक्सला दाखवत नाहीत म्हणूनही टाळतात. कायद्याने आपल्यासारख्यांनी 30 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत पत्ता नोंदवायचा असतो, म्हणजे जबाबदारी आपल्यावर आणि फॉर्मवर सही मात्र मालकाची. मला हे फार अन्यायाचं वाटतं. मालकाने सही नाही दिली तरी भाडेकरार घेऊन ऑफिसात जाता येतं, ते मग चौकशी करून निर्णय देतात, पण त्यात वेळ जातो आणि मालकाशी कायमचं वाकडं होतं. तुमचा करार लवकर संपणार असेल तर आत्ता भांडू नका, पुढचं घर शोधताना पहिल्याच फोनवर विचारा की पत्ता नोंदवू द्याल का, नाही म्हणाले तर बघायलाही जाऊ नका.

पोझनानकर

फ्रँकफुर्टचं तिकीट अजिबात काढू नको भावा.

एचआर म्हणते ते अर्धंच खरं आहे. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेला आणि त्यात फॉर्मल त्रुटी नसल्या की निर्णय येईपर्यंत तुझं राहणं कायदेशीर, आणि त्याच कंपनीत त्याच अटींवर कामही चालू ठेवता येतं. पण हे सगळं फक्त पोलंडच्या हद्दीत. अर्ज केल्याचा जो शिक्का किंवा कागद मिळतो त्यावर तू जर्मनीतही जाऊ शकत नाहीस आणि भारतातून परतही येऊ शकत नाहीस. जायला कोणी अडवत नाही, परत यायला नवीन व्हिसा लागतो आणि तो मुंबईच्या कॉन्सुलेटकडून किंवा दिल्लीच्या एम्बसीकडून घ्यावा लागतो, त्याच्या अपॉइंटमेंटचा भरवसा नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडे अडकलास तर नोकरीचं काय?

शिवाय फ्रँकफुर्टवरून जाताना तुझा शेंगेनचा (आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा) एक्झिट जर्मनीत होणार, म्हणजे व्हिसा संपलेला असताना तू जर्मनीत उतरतोयस. तिथला अधिकारी पोलंडच्या पेंडिंग अर्जाचं काही ऐकून घेईलच असं नाही. जायचंच झालं तर वॉर्साहून थेट शेंगेनच्या बाहेर जाणारी फ्लाइट घे, दोहा, इस्तंबूल, दुबई, किंवा लॉटची थेट दिल्ली.

माझं स्पष्ट मत, घरच्यांशी आजच बोल. लग्नाची तारीख नोव्हेंबरच्या मध्यात आणता येत असेल तर सध्याच्या व्हिसावरच जाऊन ये आणि आल्या आल्या अर्ज टाक. मुहूर्त हलत नसेल तर अर्ज करून जा, पण परतीचा व्हिसा मिळेल हे गृहीत धरून हॉल आणि केटरर ठरवल्यासारखं निवांत राहू नको, मॅनेजरकडून रजा आणि भारतातून काम करायची परवानगी लेखी घेऊन ठेव. कायद्यात निर्णयाला 60 दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लागतात. डिसेंबरपर्यंत कार्ड हातात येईल या आशेवर तिकीट काढू नको.

मृण्मयी_वॉर्सा

वरचं दोघांचं बरोबर आहे पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

पोस्टाची पेटी.

तुमच्या बिल्डिंगच्या खाली पेट्यांची रांग असेल, तिथे रोज जाऊन बघायची सवय लावा, अगदी घरी परतताना जिना चढायच्या आधी. कुठल्याही सरकारी ऑफिसचं महत्त्वाचं पत्र, मग ते व्होयवोदाचं (परवान्याचे अर्ज बघणाऱ्या प्रांतप्रमुखाचं) ऑफिस असो, टॅक्सवाले असोत की झुस (सामाजिक विमावाले), रजिस्टर पोस्टाने आलं आणि तुम्ही घरी नसलात की पोस्टमन एक छोटी चिठ्ठी टाकून जातो, तिला आविझो म्हणतात. पिझ्झाच्या जाहिराती आणि सुपरमार्केटच्या पत्रकांमध्ये ती अशी दडून जाते की सगळा गठ्ठा उचलून कचऱ्यात टाकणाऱ्याला कळतही नाही. पत्र पोस्टात 14 दिवस ठेवतात, मध्ये एक आठवण करणारी चिठ्ठी टाकतात, आणि 14 दिवस संपले की तुम्ही ते पत्र घेतलं नाहीत तरी कायद्याच्या दृष्टीने ते तुम्हाला मिळालं! त्या दिवसापासून मुदत मोजायला सुरुवात.

आणि मुदत किती तर कागद कमी असल्याचं पत्र आलं, ज्याला वेझ्वानिए म्हणतात, तर बऱ्याचदा फक्त 7 दिवस. तेवढ्यात कागद दिले नाहीत तर अर्ज न तपासताच बाजूला ठेवतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं नेमकं हेच झालं. सगळे कागद व्यवस्थित, पगार चांगला, पण खोली बदलली होती आणि जुन्या पत्त्यावर आलेली चिठ्ठी जुन्या रूममेटने टेबलावर ठेवून दिली. अर्ज बाद झाला आणि व्हिसा तर आधीच संपलेला. खूप वाईट वाटलं तेव्हा, कारण त्याची पात्रता सगळी होती, फक्त एक कागद पोचला नाही.

म्हणून तीन गोष्टी कराच. एक तर पेटीवर नाव लावा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने, म्हणजे पोस्टमन पत्र परत पाठवायचा नाही. घर बदललं तर लगेच अर्जाचा नंबर लिहून ऑफिसला लेखी कळवा, कारण तुम्ही कळवलं नाही तर जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्रही पोचलं असंच धरतात. आणि भारतात जाणार असाल तर पोस्टात अधिकारपत्र देऊन ठेवा म्हणजे तुमची पत्रं दुसरा विश्वासू माणूस घेऊ शकतो. अर्ज एमओएस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन केलात तरी ही पेटी सोडू नका.

पावत्या, पाकिटं, पाकिटावरचा तारखेचा शिक्का, काही फेकायचं नाही. उत्तर द्यायचं ते पण रजिस्टर पोस्टानेच, पोस्टात दिल्याची तारीख धरतात त्यामुळे शेवटच्या दिवशीही पाठवता येतं.

कोल्हापुरी_ग्दान्स्क

एजंटबद्दल कोणी बोललं नाही. मी म्हणतो पैसे असतील तर वकील करा राव, दिवसभर नोकरी करून पोलिशमधली पत्रं वाचत बसणं काय सोपं नाही. पण वकील आणि एजंट यात फरक आहे. मी एका एजंटकडे गेलो होतो, त्याने अधिकारपत्रावर सही घेतली, त्यामुळे ऑफिसची सगळी पत्रं त्याच्याकडे जायला लागली आणि तो फोनच उचलेना. अधिकारपत्र दिलं की पत्र थेट तुम्हाला येत नाही, प्रतिनिधीला जातं, हे त्याने सांगितलंच नव्हतं. शेवटी ते रद्द करून स्वतः ऑफिसात जाऊन फाइल बघितली. आपली फाइल बघायचा आपल्याला हक्क असतो, फोटोही काढता येतात, हे लक्षात असू द्या. अधिकारपत्राची सरकारी फी 17 झ्वॉटी आहे, त्याच्या नावावर कोणी भरमसाट पैसे मागितले तर उठून या.

अनघा_क्राकोव्ह

कोल्हापुरी दादा, वकिलाचं मला नाही पटत, निदान पहिल्या अर्जाला तरी. सरळ केस आहे, एक कंपनी, एक कॉन्ट्रॅक्ट. गुंता झाला, नकार आला, तर वकील हवाच. उशीर होत असेल तर पोनाग्लेनिए, म्हणजे उशिराची तक्रार, आपली आपण टाकता येते, ती व्होयवोदाच्या मार्फत वरच्या ऑफिसकडे जाते.

नावाचं राहिलंच. हे आपल्या मराठी लोकांचं खास दुखणं आहे. इथे आपल्या वडिलांचं नाव "दुसरं नाव" म्हणून नोंदवलं जातं आणि वर प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव, आईचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव असे वेगळे रकाने असतातच. पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर सगळीकडे लिहा. कॉन्ट्रॅक्टवर फक्त नाव-आडनाव असेल तर कंपनीला सांगून छोटी दुरुस्ती करून घ्या, पासपोर्ट नंबर टाकून. आईचं माहेरचं आडनाव पहिल्या फॉर्मवर जे लिहाल तेच कायम, आत्ताच आईला फोन करून स्पेलिंग ठरवून घ्या.

सांगलीकर_व्रोत्स्वाफ

सगळ्यांचे मनापासून आभार. पेसेलचा फॉर्म उद्याच घेऊन येतो. बाबांशी बोललो, मुहूर्त हलत नाही, हॉल बुक झालाय. मग अर्ज करूनच जाईन, दोहामार्गे, आणि मॅनेजरशी आजच बोलतो. ताई, आविझोचं खरंच माहीत नव्हतं, पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव आहे! ते आत्ता बदलतो. बायकोचं कोणी सांगेल का? लग्नाचं सर्टिफिकेट आहे, पण तिच्या पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे.

मृण्मयी_वॉर्सा

साध्या परवान्यावर कुटुंब एकत्र आणायच्या नियमात बसायला तुम्हाला इथे तात्पुरत्या परवान्यावर 2 वर्षं झालेली लागतात आणि अर्जाच्या आधीचा परवाना किमान 1 वर्षाचा हवा. ब्लू कार्ड (जास्त शिकलेल्या, जास्त पगाराच्या नोकरदारांचा परवाना) असेल तर ही वाट बघावी लागत नाही, पण त्याला पगार इथल्या सरासरीच्या दीडपट लागतो. तुमचा बसत असेल तर अर्ज करायच्या आधीच कंपनीला ब्लू कार्डचं विचारा, नंतर बदलत बसण्यापेक्षा बरं. आणि हो, बायकोच्या अर्जात घराचा पुरावा लागतो, तिथे मात्र सूट नाही.

पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तसंच राहू दे, सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव तेच असलं की नातं सिद्ध होतं. आता घाईने नाव बदललंत तर डिग्री एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा असं होऊन बसेल.

लग्नाला जाताय तर त्याच फेरीत सर्टिफिकेटचं काम करून या. आधी राज्याकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का), आणि पोलिश भाषांतर सगळ्यात शेवटी इथल्या स्वॉर्न (शपथ घेतलेल्या अधिकृत) ट्रान्सलेटरकडून, कारण अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं. आधी भाषांतर केलंत तर परत पैसे द्यावे लागतील. ट्रान्सलेटरची यादी न्याय मंत्रालयाच्या साइटवर आहे. सर्टिफिकेटवर इंग्रजी मजकूर आहे ना तेवढं बघा, नसेल तर रजिस्ट्रारकडून दोन्ही भाषांतली प्रत काढा, इंग्रजीवरून पोलिश करणारे पैशाला पासरी आहेत, मराठीवरून करणारा शोधायला कुठे जाणार.