'नास्तिक ख्रिस्ती' असं म्हणता येईल का? (शब्दचर्चा)

शब्दवेडा
धर्मावर कडक टीका करणारे नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्स २०२४ मध्ये एका मुलाखतीत स्वतःला 'कल्चरल ख्रिश्चन' म्हणाले. म्हणजे देव वगैरे काही नाही, पण चर्चमधली गाणी, कॅरल्स, जुनी कॅथेड्रल्स हे सगळं आपलं वाटतं. याला मराठीत 'सांस्कृतिक ख्रिस्ती' म्हणता येईल, जरा सरकारी वाटतं पण चालेल. माझा प्रश्न बरोब्बर उलट्या माणसाबद्दल आहे. त्याला ना गाण्यांचं काही पडलंय ना इमारतींचं, देवावर तर विश्वास नाहीच, पण बायबलमधलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून त्याला वाटतं की जगायचं तर असंच, शत्रूवर प्रीती, दान केलं तर डाव्या हाताला कळू नये, अपराध्याला माफ करायचं. याला काय म्हणायचं? 'नास्तिक ख्रिस्ती' म्हटलं की लोक हसतात. आणि शब्दाच्या आधी मुळात असं जगता येतं का हाही प्रश्न आहेच.

तिरकस
शब्द नाहीये कारण तसा प्राणी नाहीये. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने हे १८८९ मध्येच सांगून ठेवलंय, आणि तेही इंग्रज कादंबरीकार जॉर्ज एलियटबाईंचं नाव घेऊन. बाईंनी स्ट्राउस आणि फॉयरबाख या दोन जर्मन विचारवंतांची धर्मचिकित्सा इंग्रजीत आणली, श्रद्धा सोडली, पण नीती मात्र तीच घट्ट धरून ठेवली. नीत्शेचं म्हणणं असं की ही सगळी एक अखंड रचना आहे, त्यातला देव काढलात की त्या नीतीवरचा तुमचा हक्कही गेला. तुम्हाला ती आपोआप पटते असं वाटतं, कारण शेकडो वर्षांची सवय लागलीय.

(आता काही श्रद्धाळू मंडळी हाच मुद्दा नीत्शेच्या नावाने नास्तिकांच्या तोंडावर मारतात तेव्हा मजा वाटते. त्याला ती नीतीच नको होती हो, तुमची बाजू घेत नव्हता तो.)

पानगळ
आधी 'नास्तिक' शब्दाचं बघू. आज आपण नास्तिक म्हणजे देव न मानणारा असं धरतो, पण मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. त्या हिशेबाने जैन आणि बौद्ध नास्तिक, आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारं जुनं सांख्य दर्शन मात्र आस्तिकांच्या यादीत! आता जैन साधूपेक्षा कडक नीतीने जगणारा माणूस दाखवा मला, मुंगीसुद्धा मरू नये म्हणून जपून पाऊल टाकतात ते, आणि जग निर्माण करणारा देव त्यांच्या विचारात कुठेच नाही. त्यामुळे 'देव नाही तर नीती कशाला' हा प्रश्न आपल्या भाषेला तरी नवीन नाही, त्याचं उत्तर जगून दाखवलेले लोक आहेत.

अर्थात तिरकस म्हणतील की त्यांची नीती त्यांच्या कर्मसिद्धांतातून आली, आयात केलेली नव्हती. ते मान्य.

उंबरठा
मी चर्चला जाणारा माणूस आहे म्हणून लिहितो. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारलं तेव्हा येशूने दोन सांगितल्या, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी देवावर पूर्ण मनाने प्रीती, मग शेजाऱ्यावर स्वतःसारखी. पहिली गाळून दुसरी ठेवली तर ती आमच्या अर्थाने ख्रिस्ती नीती उरत नाही. प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सरळच लिहितो की मेलेले उठवले जात नसतील तर खाऊया पिऊया, उद्या मरायचंच आहे. इतका स्पष्ट.

पण त्याच बायबलमध्ये दुसरी बाजू पण आहे. 'प्रभू प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गात जाणार नाही हे मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकात) सातव्या अध्यायात येतं. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणसाला बघून पुढे निघून जातो तो याजक, आणि थांबतो तो ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने चुकीच्या श्रद्धेचा माणूस. रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात पौलच म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र (यहुद्यांचा देवदत्त कायदा) मिळालं नाही तेही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात. १९६४ च्या कॅथलिक धर्मसभेच्या दस्तऐवजात तर स्वतःच्या दोषाशिवाय देवाची ओळख न झालेल्या आणि चांगलं जगायची धडपड करणाऱ्या माणसालाही तारणाचं दार बंद नाही असं लिहिलंय. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये नास्तिकांबद्दल बोलताना म्हणाले की चांगलं करत राहा, आपण तिथेच भेटू. त्यामुळे जगता येतं का याला माझं उत्तर 'हो', फक्त त्याला ख्रिस्ती म्हणायला मी तयार नाही.

शब्दवेडा
उंबरठा, छान लिहिलंत. गाळून ठेवायचा प्रयोग प्रत्यक्षात झालाय. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास शुभवर्तमानाच्या प्रती घेऊन त्यातले येशूच्या शिकवणीचे भाग अक्षरशः पात्याने कापून काढले आणि वहीत चिकटवले, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशा चार भाषांत शेजारी शेजारी. चमत्कार बाहेर. पुनरुत्थान बाहेर. पुस्तक संपतं ते कबरीच्या तोंडाशी धोंडा लोटून लोक निघून जातात तिथे.

आता ते कात्रण वाचलं तर बरंचसं चालतं. गुपचूप दान करा, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपलं मुसळ बघा, याला देव लागत नाही. मला खरी अडचण दिसते ती एकाच शब्दाशी, क्षमा. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो किती वेळा माफ करायचं, सात वेळा का? त्यावर येशू गोष्ट सांगतो ती हिशेबाची. एका चाकराचं राजाला देणं दहा हजार टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनारी, आणि एक दिनारी म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी, फिटणं शक्यच नाही. राजा ते सगळं सोडून देतो. बाहेर पडल्यावर याच चाकराला एक सोबती भेटतो ज्याच्याकडून याला शंभर दिनारी येणं आहे, तर हा त्याचा गळा धरतो.

गोष्ट नीट बघा, यात क्षमा हा मोठेपणा नाहीच. तुझं सहा कोटींचं सुटलंय म्हणून तू शंभरांचं सोड, एवढंच. मत्तयात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतसुद्धा मूळ ग्रीक शब्द कर्जाचाच आहे, दुसरा शुभवर्तमानकार लूक तिथे 'पापं' म्हणतो. मग ज्याच्या जगात राजाच नाही, त्याचं कुणी काही सोडलेलंच नाही, तो शंभर का सोडेल? सोडेलही, पण मनाच्या शांतीसाठी, नातं टिकवायला, किंवा सूडाचं चक्र थांबावं म्हणून. चांगलीच कारणं आहेत, पण ती आतून वेगळी क्षमा आहे. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही.

हिशेबनीस
राजा नाही कसा? आईबापांनी, शिक्षकांनी, ओळखदेख नसलेल्या लोकांनी आपल्या किती चुका पोटात घातलेल्या असतात, त्याची यादी कुणी केलीय का. सहा कोटी नसतील, पण शंभरापेक्षा नक्की जास्त भरतील.

शब्दवेडा
+१. याचा मी विचारच केला नव्हता, पुष्कळ अंशी पटलं.

तिरकस
तरी मला यात ढोंग दिसतं. पाया मान्य नाही आणि वरचे मजले वापरायचे.

पानगळ
ढोंग म्हणू नका हो, त्या शब्दाची गंमत वेगळीच आहे. शुभवर्तमानात जिथे 'ढोंगी' येतं तिथे ग्रीकमध्ये 'हुपोक्रितेस' आहे, ज्याचा एक अर्थ नाटकातला नट. आणि येशू तो वापरतो कुणासाठी, तर लोकांनी बघावं म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांसाठी. म्हणजे मुद्दा प्रेक्षकांचा आहे. ज्याला बघणारा देवही नाही आणि जो लोकांना सांगतही नाही, तो नटाची भूमिका कुणापुढे करणार?

हिशेबनीस
'येतं का' वर सगळे बोलताय, 'पाहिजे का' वर कुणीच नाही. नास्तिक ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९२७ च्या आपल्या गाजलेल्या भाषणात येशूच्या बऱ्याच शिकवणीला मान दिला पण नरकाच्या धमक्या आणि हंगाम नसताना अंजिराच्या झाडाला दिलेला शाप यावर बोट ठेवलं. म्हणजे बाहेरच्या माणसाने निवडूनच घ्यायला हवं. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती दुसऱ्या गालाची, म्हणजे एका गालावर मारलं तर दुसराही पुढे करा या शिकवणीची. घरात रोज मार खाणाऱ्या बाईला दुसरा गाल पुढे कर म्हणून सांगणारे लोक झालेत आणि आहेत. तो आदर्श स्वतःसाठी घ्यावा, दुसऱ्याच्या गालाबाबत लागू करू नये असं माझं ठाम मत.

उंबरठा
याच्याशी मी शंभर टक्के सहमत, आणि मजकुरातही आधार आहे. मत्तय 'उजव्या' गालावर मारलं तर असं म्हणतो. समोरच्याने उजव्या हाताने मारलं तर उजव्या गालावर उलट्या हाताची चापट बसते, आणि ती इजेपेक्षा अपमानाची असते असं काही अभ्यासक सांगतात. म्हणजे वाक्य अपमान गिळून परत अपमान न करण्याबद्दल आहे, जीव धोक्यात घालून मार खात राहण्याबद्दल नाही. सगळे अभ्यासक मानतात असं नाही, पण मला पटतं.

तिरकस
बरं, एक शेवटचं. शत्रूवर प्रीती करायची म्हणजे काय करायचं नक्की? मला शेजारच्यावर पण येत नाही.

पानगळ
तिथला ग्रीक शब्द अगापे. मराठी बायबलमध्ये 'प्रीती' केलंय, त्यामुळे आपल्याला हृदय भरून येणं वगैरे आठवतं. पण तिथे भरून येण्याची अट नाहीये. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये हेच लिहिलं की भावना म्हणून प्रेमाची आज्ञा देता येत नाही, कृतीतल्या प्रेमाची देता येते, शास्त्रातल्या त्या आज्ञा अशाच वाचाव्या. रोमकरांच्या पत्रात तर अगदी घरगुती करून टाकलंय, शत्रूला भूक लागली तर खायला घाल, तहान लागली तर प्यायला दे. आवडला पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. एवढं तर तुम्हालाही जमेल, आणि त्यासाठी देव मानायची गरज नाही, चिडचिड होत असली तरी चालेल.

तिरकस
चिडचिड धरून चालणार असेल तर बघतो.