फिल्टरला तेल लावल्यापासून गाडी अडखळतेय

प्रश्न: मी कासारवडवलीला राहतो, रोज घोडबंदर रोडची धूळ. बाहेरून घेतलेला कापडी जाळीचा एअर फिल्टर बसवलाय. रविवारी धुतला, तेल मारलं. सोमवारपासून गाडी सिग्नलला थरथरते, चेक इंजिनचा दिवाही लागलाय. तेल कमी पडलं का?

उत्तर: कमी नाही दादा, जास्त झालं असणार. माझंही असंच झालं होतं. जादा तेल हवेबरोबर ओढलं जाऊन एमएएफ सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) तारेवर बसतं, मग हवेचं माप चुकतं. फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवून बघा. सेन्सरवर फक्त एमएएफ क्लीनर मारा, कापूस अजिबात लावू नका, तार केसासारखी नाजूक असते. पुढच्या वेळी प्रत्येक घडीवरून तेलाचा एकच हात द्या, 20 मिनिटं थांबा, फिकट राहील तिथेच पुन्हा.

उत्तर: सुकवला किती? पावसाळ्यात माझा रात्रभर पंख्याखाली ठेवूनही घड्यांच्या मुळाशी ओलाच होता. आणि कॉम्प्रेसरची हवा नको, जाळी फाटते. पाणी सोडायचं ते आतून बाहेर.

प्रश्नकर्ता: बोट फिरवलं, लाल चिकट तेल लागलं! मी तीनदा मारलं होतं. आज संध्याकाळी क्लीनर आणतो.