८९ पात्रांच्या 'अल्टिमेट'पेक्षा २६ पात्रांचा 'मेले' मोठा का वाटतो?

चौथा कन्ट्रोलर (धागाकर्ता)

निन्तेन्दोच्या वेगवेगळ्या खेळांतली पात्रे जिथे एकमेकांशी लढतात त्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या व्हिडिओ गेम मालिकेचे एकाहून अधिक भाग खेळलेल्यांसाठी हा प्रश्न आहे. माझ्या गेमक्यूब कन्सोलच्या मेमरी कार्डावरचे सगळे गेल्या महिन्यात पुसले गेले आणि २००१ सालचा 'मेले' मला पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे ११ पात्रे कुलूपबंद असलेल्या अवस्थेत, सुरू करावा लागला. दोन संध्याकाळींत कंटाळा येईल अशी माझी अपेक्षा होती, कारण २०१८ पासून मी 'अल्टिमेट' खेळतो; त्यात ८९ पात्रे आहेत, शंभराहून अधिक स्टेज, म्हणजे लढतीची मैदाने, आहेत आणि आधीच्या भागांतला प्रत्येक लढवय्या परत आलेला आहे. प्रत्यक्षात तीन आठवडे उलटले तरी मी 'मेले'च खेळतो आहे आणि तो मला दोघांतला मोठा खेळ वाटतो.

'मोठा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. 'मेले'मध्ये मेव्टू हे लपलेले पात्र मिळवायचे तर व्हर्सस, म्हणजे आपसातल्या, लढतींचा एकूण २० तासांचा वेळ भरावा लागतो. मात्र प्रत्येक खेळाडूचा वेळ वेगळा धरला जात असल्याने चार कन्ट्रोलर जोडले तर पाच तासांत काम भागते. हे कळल्यावर लहानपणी मी आणि माझ्या धाकट्या भावाने चारही कन्ट्रोलर जोडले, वेळेची मर्यादा काढून टाकली आणि दाराच्या फटीतून उजेड दिसू नये म्हणून टीव्हीवर चादर टाकून लढत रात्रभर तशीच चालू ठेवली. चार पात्रे चादरीखाली रात्रभर एकमेकांकडे बघत उभी होती. सकाळी लढत संपवताच मेव्टू समोर आला, आणि आम्ही दोघेही इतके पेंगुळलेले होतो की पहिल्या झटक्यात हरलो.

'अल्टिमेट'मध्ये सुरुवातीला आठ पात्रे मिळतात आणि बाकीची दर काही मिनिटांनी आपणहून दारात येऊन उभी राहतात. त्यांतले नेमके कोण कधी आले, हे आज मला एकाचेही सांगता येणार नाही. प्रश्न असा की हा मोठेपणा खेळात आहे की निव्वळ माझ्या तेव्हाच्या वयात? 'दुरून डोंगर साजरे' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण या वेळी मी डोंगराच्या पायथ्याशीच उभा आहे.

तिसरी उडी

माझ्या मते तो खेळात आहे, आणि त्याचे स्थानही नेमके दाखवता येते: ट्रॉफींच्या दालनात. 'मेले'मधली प्रत्येक ट्रॉफी ही गोल फिरवून, जवळ आणून बघता येणारी मूर्ती होती, आणि ती कोणत्या खेळातली, कोणत्या सालची, तिची कथा काय, हे सांगणारा छोटा मजकूर तिच्यासोबत असे. ज्या खेळांचे नावही ऐकले नव्हते अशा कितीतरी खेळांची माझी पहिली ओळख तिथेच झाली. 'मेले'मधली 'फायर एम्ब्लेम'ची दोन पात्रे, मार्थ आणि रॉय, यांचेच उदाहरण घ्या. 'फायर एम्ब्लेम' ही मालिका तोवर जपानबाहेर विकली गेलेली नव्हती, ती २००३ मध्ये बाहेर आली. त्यामुळे निळ्या केसांचा मार्थ हा तलवारबाज जपानीत काहीतरी बोलून जिंकतो आणि तो कोण हे आपल्याला सांगणारे कोणीच नाही, अशी आमची अवस्था होती. खेळ संपत होता तिथे त्याच्यापलीकडे आणखी काहीतरी पसरलेले आहे, ही जाणीव सतत होत असे. तुम्ही ज्याला मोठेपणा म्हणता तो मला हाच वाटतो.

'अल्टिमेट'मध्ये ट्रॉफींच्या जागी 'स्पिरिट' आले. त्यांची संख्या हजाराच्या वर आहे, पण ती सपाट चित्रे आहेत, आणि त्यांच्याखाली माहितीची एक ओळही नाही. मालिकेचे निर्माते साकुराई यांच्या चमूवर कामाचा केवढा भार होता हे मला समजते, तरीही कोश काढून घेऊन हाती फक्त अनुक्रमणिका ठेवल्यासारखे वाटले.

जाता जाता एक आठवण: २००२ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकी मासिकाने 'मेले'मधल्या 'क्रूएल मेले' या कठीण प्रकारात वीसहून अधिक शत्रू पाडल्यास सॉनिक आणि टेल्स ही पात्रे मिळतात अशी थाप छापली होती. त्या थापेपायी माझ्या अंगठ्याला घट्टे पडले. सॉनिक खरोखर आला तो २००८ मध्ये, 'ब्रॉल' या पुढच्या भागातून, आणि तेव्हा मला आनंदापेक्षा सूड उगवल्याचे समाधान जास्त झाले.

शून्य लॅग

वरच्या दोन्ही प्रतिसादांत 'मेले'विषयी भूतकाळात बोलले जात आहे, आणि त्यालाच माझी हरकत आहे. मराठीत वाचताना ज्याचे नावच 'मेले' असे दिसते, तो खेळ दोन दशकांनंतरही मरायला तयार नाही, यात काहीतरी अर्थ असलाच पाहिजे.

ट्रॉफी आणि लपलेली पात्रे यांचे मला कधीच अप्रूप नव्हते. मोठेपणा हालचालीत आहे. हवेतून वार करत खाली येताना जमिनीला पाय टेकण्याच्या क्षणभर आधी ढालीचे बटण दाबले तर उतरल्यानंतरचा अडखळण्याचा वेळ निम्मा होतो. हवेतला बचाव तिरका जमिनीकडे मारला तर पात्र पाय न उचलता घसरत पुढे जाते. पहिल्याला एल-कॅन्सल आणि दुसऱ्याला वेव्हडॅश म्हणतात हे इथे बहुतेकांना ठाऊक असेलच, पण या दोनच गोष्टींमुळे एकच अंतर कापण्याचे फॉक्स या पात्राकडे किती मार्ग तयार होतात याचा विचार करून पाहा. स्पर्धांमध्ये २६ पैकी फॉक्स, फाल्को, मार्थ, शीक, जिगलीपफ अशी मोजकीच पात्रे वारंवार दिसतात, तरी वीस वर्षे सामने पाहणाऱ्याला कंटाळा येत नाही. पात्रांच्या संख्येने खेळाचा आकार मोजणे म्हणजे सोंगट्या मोजून बुद्धिबळाची खोली ठरवण्यासारखे आहे.

हे सगळे १३ महिन्यांत घाईघाईने तयार झालेल्या खेळात घडले. वेळ इतका अपुरा होता की तेव्हा निन्तेन्दोत वरिष्ठ पदावर गेलेले सातोरू इवाता स्वतः येऊन प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसले होते. नवशिक्यांसाठी 'मेले' फार कठीण झाला असे साकुराई यांनी पुढे स्वतःच म्हटले आणि नंतरच्या भागांचा वेग उतरवला. त्यांच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण २०१३ मध्ये इव्हो या लढतीच्या खेळांच्या स्पर्धेत जागा मिळावी म्हणून स्तन-कर्करोग संशोधनाच्या निधीला सर्वाधिक देणग्या याच खेळाच्या चाहत्यांनी दिल्या. विलंब नको म्हणून ते अजूनही जुने, जड काचेचे टीव्ही सांभाळून आहेत. आणि अधिकृत ऑनलाइन सोय कधीच नसलेल्या या खेळाला २०२० मध्ये 'स्लिपी' या सॉफ्टवेअरने रोलबॅक नेटकोड, म्हणजे ऑनलाइन लढतीतला विलंब झाकणारा उपाय, मिळवून दिला, तोही चाहत्यांच्याच श्रमातून. ज्याची फक्त आठवण येते त्याच्यासाठी माणसे इतके करत नाहीत.

सबस्पेसचा प्रवासी

'ब्रॉल'चा उल्लेख आत्तापर्यंत सॉनिकपुरताच आला, म्हणून लिहितो. त्याचे दोष मला मान्य आहेत. पळायला लागताच पात्राने मधूनच आपोआप घसरून पडावे, हा नियम कोणाला आणि का सुचला हे आजही कोडे आहे. ऑनलाइन लढती पाण्याखाली चालल्यासारख्या वाटत.

पण 'सबस्पेस एमिसरी' हे कथानक ज्याने शेजारी कोणाला तरी बसवून दोघांनी मिळून पूर्ण केले असेल, त्याला या मालिकेतली सर्वांत मोठी गोष्ट कोणती हे विचारण्याची गरज पडू नये. संवाद जवळजवळ नाहीतच. पात्रे फक्त वागतात. हिरव्या झग्यातला 'एन्शंट मिनिस्टर' खलनायक म्हणून समोर येतो. प्रत्येक सबस्पेस बॉम्ब फुटण्यासाठी दोन-दोन रॉब यंत्रमानवांना आपला जीव द्यावा लागतो, आणि शेवटी त्या झग्याखालून जो बाहेर पडतो तो त्यांचाच प्रमुख रॉब असतो, आपल्याच लोकांना बळी द्यायला भाग पडलेला. मुळात १९८५ चे प्लास्टिकचे खेळणे असलेल्या रॉबला असे दुःख देता येते, हे मला तोवर माहीत नव्हते.

या कथानकाच्या दृश्यफिती लगोलग इंटरनेटवर चढवल्या गेल्या, आणि खेळून मिळवायचे बक्षीस कोणालाही फुकट बघता येऊ लागल्याने पुढच्या भागात तसे कथानक नको, असे साकुराई यांनी ठरवले. 'तिसरी उडी' यांच्या मुद्द्याशी हे जोडून पाहा. गुपित फुटले म्हणून नुसती मजा कमी झाली नाही. गुपित रचणेच थांबले.

गुलाबी गोळा

१९९९ चा पहिला भाग कोणालाच आठवत नाही का? १२ पात्रे, त्यांतली चार लपलेली, आणि सुरुवातीला एक पांढरा हातमोजा टेबलावर खेळणी मांडतो. पुढे तोच हातमोजा शेवटचा शत्रू म्हणून उभा राहतो. एकट्याने खेळणाऱ्या मुलाविषयी इतके नेमके या मालिकेत नंतर काहीच आले नाही, असे माझे मत आहे.

या मालिकेचा उगमही मला फार आवडतो. साकुराई आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळत असताना त्यांनी समोरच्याचा धुव्वा उडवला आणि नंतर लक्षात आले की पलीकडे एक नवखे जोडपे हौसेने खेळायला बसले होते. त्या खजील होण्यातून टक्केवारीची कल्पना वाढली: मार जितका जास्त खाल्ला तितके दूर उडायचे, पण कड्याच्या बाहेरूनही परत येता येते. मी मात्र कर्बी या पात्राने भावंडांना गिळून त्यांच्यासकट खाली उडी मारत असे. खजील होण्याचा गुण सगळ्यांत नसतो.

उशिरा आलेला

मी २०१४ च्या, थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवरच्या भागापासून खेळू लागलो, त्यामुळे इथली बरीचशी हळहळ मला पाहुण्यासारखी वाचावी लागते. तरी एक गोष्ट नोंदवतो. गुपिते संपली हे खरे नाही; ती खेळाच्या आतून बाहेर गेली, एवढेच. २०१५ मध्ये मालिकेत कोणते नवे पात्र हवे यावर चाहत्यांचे मतदान झाले होते आणि त्याच्या निकालातला पहिला क्रमांक तेव्हा जाहीर झाला नाही. मग क्लाउड आला, बेयोनेटा आली, 'अल्टिमेट' आला, त्यात पात्रांची भर पडत राहिली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शेवटचे पात्र म्हणून सोरा जाहीर झाला तेव्हा कळले की सर्वाधिक मागणी त्याचीच होती. सहा वर्षे आम्ही तर्क लढवले, खोट्या चित्रांना फसलो, भांडलो. त्या घोषणेच्या वेळी सोराची किल्लीसारखी तलवार दिसली तो क्षण, तुमच्या चादरीखालच्या मेव्टूपेक्षा लहान होता असे मी मानणार नाही. तुमचे २० तास, आमची सहा वर्षे.

चौथा कन्ट्रोलर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. 'उशिरा आलेला' यांचा मुद्दा मला सर्वांत अधिक टोचला, कारण सोराच्या घोषणेच्या रात्री मीही जागा होतो आणि हे वरचा प्रश्न लिहिताना साफ विसरलो होतो. पण त्यातच थोडा फरकही दिसतो: त्या सहा वर्षांत मी काही केले नाही, फक्त वाट पाहिली, मेव्टूसाठी मात्र निदान एक चादर तरी शोधावी लागली होती. 'शून्य लॅग' यांच्या सांगण्यावरून चार दिवस एल-कॅन्सलचा सराव केला. दहापैकी तीनदा जमते, आणि फॉक्स माझ्या हातात अजूनही कड्यावरून स्वतःहून उडी मारतो. ट्रॉफींच्या दालनात जाऊन सगळा मजकूर मात्र पुन्हा वाचतो आहे. लहानपणी इंग्रजी न समजल्यामुळे त्यातल्या निम्म्या मूर्तींविषयी भावाने मला मनचे सांगितले होते, असे आता उघडकीस येत आहे.

मेव्टू अजून आलेला नाही. चालू स्थितीतले दोनच कन्ट्रोलर उरले असल्याने दहा तास लागतील. आज रात्री लावून ठेवणार आहे आणि सकाळी लढत संपवायला भाऊ येतो म्हणाला आहे.