मदत हवी आहे: गुळाच्या रंगाच्या छोट्या कुत्रीला नाव सुचवा (शनिवारच्या आत!)

शेवग्याची शेंग:

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण घरात चार दिवस यावरून धुसफूस चालू आहे, म्हणून शेवटी इथे आले.

माझ्या माहेरी गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात. या हंगामात तिथे चिपाडाच्या ढिगामागे एक कुत्री व्याली. तीन पिल्लं लोकांनी नेली. चौथी अंगानं बारकी, त्यात मादी, म्हणून कुणी हात लावेना. ती आमच्याकडे कोल्हापुरात आली. अडीच महिन्यांची आहे, वजन 2 किलो 400 ग्रॅम. आई गावठी, बाप बहुतेक वस्तीवरचा पामेरियन. डॉक्टर म्हणाले, फार मोठी व्हायची नाही. रंग अगदी ताज्या गुळाचा, छाती आणि चारही पंजे पांढरे.

पहिल्या इंजेक्शनला पुस्तिकेवर नावाच्या जागी डॉक्टरांनी 'पपी' लिहून वेळ मारून नेली. येत्या शनिवारी दुसरं आहे आणि 'या वेळी नाव ठरवूनच या' असा दम दिलाय.

मुलीला (वय आठ) 'ओरिओ' पाहिजे. तिच्या वर्गातल्या दोघींच्या कुत्र्यांचं नाव तेच आहे, एवढंच कारण. म्हटलं, अगं ते बिस्कीट काळं-पांढरं असतं, ही तांबूस आहे. तर म्हणते, मग पार्ले-जी ठेव. नवऱ्याला 'शेरू'. मादी आहे हो, म्हटलं, तर "तिला कुठं कळतंय." सासूबाईंची अट एकच, देवाचं नाव नको. उद्या चपला कुरतडल्या की त्याच नावानं शिव्या घालायच्या, ते पाप कुणी घ्यायचं? हे मला पटलं. त्यामुळे माझं 'गौरी' पहिल्याच फेरीत बाद.

माणसांची घरगुती नावंही चालत नाहीत. बंड्या, सोन्या, पिंकी, चिंगी, बाळू, आमच्या अपार्टमेंटमध्ये प्रत्येकाला कुणी ना कुणी मालक आहे. खालचे बंड्याकाका तर निवृत्त मुख्याध्यापक. गॅलरीतून "बंड्या, परत जिन्यात केलीस?" असं ओरडायची माझी छाती नाही.

मला मनापासून आवडलेलं नाव 'काकवी'. काहिलीत रस उकळून मळी काढली, की गूळ व्हायच्या जरा आधी काढून घेतात ती काकवी. तांबूस, गोड आणि ठेवू तिथे न राहणारी. ही पण अजून धड कुत्रा झालेली नाही, म्हणून चपखल वाटलं. पण काल गॅलरीतून "काकवीऽऽ" अशी हाक मारली आणि शेजारच्या काकू दार उघडून "काय गं?" म्हणत बाहेर. संध्याकाळी पुन्हा तेच. आज सकाळी त्यांनी काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

दरम्यान सासूबाई तिला "यू यू यू" करून बोलावतात आणि ती वाऱ्यासारखी पळत येते. तेच आपलं नाव आहे असं तिला वाटायच्या आत काहीतरी सुचवा. इंग्रजीही चालेल, फक्त सासूबाईंच्या जिभेवर बसलं पाहिजे.

खारेदाणे:

आधी एक अनुभव सांगतो, मग नावं. आमच्या कुत्र्याचं नाव मोठ्या हौसेनं 'नकुल' ठेवलं होतं. तो चपलेला तोंड लावायचा, आम्ही "नको!" म्हणायचो, तो चप्पल घेऊन शेपूट हलवत आमच्याकडे यायचा. त्याची काय चूक? 'नको' आणि 'नकुल' त्याला सारखेच. शेवटी नाव तसंच ठेवलं आणि मनाई 'अंहं'वर आणली.

म्हणजे 'बस', 'ये', 'थांब', 'नको' यांच्या जवळपास जाणारं काही नको. सहज लांबवता येईल असं दोन टप्प्यांचं नाव घ्या. सुरुवातीला क, ट, प असा ठसठशीत उच्चार असला तर गाड्यांच्या आवाजातही हाक उठून येते. मोती, टिप्या, काळू, चंपी ही जुनी नावं उगाच टिकलेली नाहीत. माझं मत 'चिक्की'ला. गुळाचीच आहे, लहान आहे.

उंबरठा:

चिक्की नको हो. आमच्या गल्लीत दोन चिक्क्या आहेत. एकीला हाक मारली की दोघी येतात, आणि त्यातली एक चौथीत आहे.

कंदीलवाला:

आपल्याकडे कुत्रीचं सगळ्यात जुनं प्रसिद्ध नाव 'सरमा'. ऋग्वेदात इंद्राच्या गायी पणींनी लपवल्या, त्या हुडकायला गेली ती देवशुनी. कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात ते तिच्यावरूनच. यमाच्या दारातले दोन कुत्रे, श्याम आणि शबल, तिचीच पोरं. शबल म्हणजे ठिपक्यांचा. ग्रीसमध्ये झेनोफननं शिकारी कुत्र्यांवर लिहिताना बजावून ठेवलंय की नावं आखूड ठेवा, म्हणजे चटकन हाक मारता येते. पुढे चाळीसहून जास्त नावांची यादीच दिली आहे. थोडक्यात, ही डोकेदुखी दोन हजार वर्षांहून जुनी आहे, तुम्ही एकट्या नाही.

शेवग्याची शेंग:

@कंदीलवाला, सरमा फार आवडलं होतं. घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. नवरा म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर शर्मा राहतात. झालं.

दहावा मैल:

लायका! 3 नोव्हेंबर 1957, स्पुटनिक-2, पृथ्वीभोवती फिरलेला पहिला प्राणी. तीही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी, अंगानं लहान, मादी. रशियनमध्ये अर्थ 'भुंकणारी' असा काहीतरी होतो, आणि मराठीत ऐकलं तर 'लायक' आहेच.

शेवग्याची शेंग:

मुलीला एकदम पटलं. पण मग तिनं विचारलं, लायका परत कधी आली? खरं सांगितल्यावर जेवली नाही. 1960 साली बेल्का आणि स्ट्रेल्का जिवंत परत आल्या असं सांगून समजूत काढली, तर आता तिला दोन कुत्री पाहिजेत. सासूबाईंचं म्हणणं, घरात आलेल्या जिवाला परत न आलेल्याचं नाव देऊ नये. शिवाय आमची भुंकतच नाही. भांडं पडलं तर सोफ्याखाली.

उंबरठा:

नाव काहीही ठेवा, पण शिकवायचं कसं ते सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. नाव घ्यायचं, तिनं पाहिलं की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-सहा हाकाच, कंटाळायच्या आत थांबायचं. आणि नाव घेऊन कधीच ओरडायचं नाही, सासूबाईंनाही सांगा. ओरडताना नाव आलं की पुढच्या हाकेला ती येत नाही, सोफ्याखाली जाते. घरातल्या सगळ्यांनी एकच हाक मारायची. आमच्याकडे एकाच कुत्र्याला राजा, राजू, राजाबाळ आणि "ए गाढवा" अशी चार नावं होती. तो फक्त डब्याच्या झाकणाच्या आवाजाला यायचा.

'यू यू'बद्दल घाबरू नका. आधी नाव, लगेच मागून यू यू, मग खाऊ. थोड्या दिवसांनी यू यू गाळा. जमेल.

मांडवीकाठ:

काकवीतला मधला 'क' काढून टाका. 'कावी'. काकूंची सुटका.

आणि नुसती काटछाट नाही ही. काव म्हणजे तांबडी माती. आमच्या गोव्यात, कोकणात आणि खाली कारवारकडे जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाची वेलबुट्टी असते, तिला कावी म्हणतात. पांढऱ्यावर तांबडं. तुमच्या कुत्रीचं वर्णन वाचलं तेव्हा आधी तेच डोळ्यांसमोर आलं. तिच्यात तांबड्यावर पांढरं आहे, तेवढं चालवून घ्या.

खारेदाणे:

'कावीळ' म्हणून चिडवतील.

मांडवीकाठ:

कुत्री चिडत नाही. मालकीण चिडेल.

शेवग्याची शेंग:

मांडवीकाठ, काय बोलू! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "काव म्हंजे गेरूच की. आमच्या आईनं तुळशीला लावायला आणलेली असायची." म्हणजे जिभेवर बसलं. मुलीनं पाटीवर लिहून बघितलं, दोनच अक्षरं म्हणून खूश. नवऱ्यानं 'शेरू'ला आडनाव करायची सूचना मांडली, तिच्यावर कुणी बोललंच नाही.

काल संध्याकाळी गॅलरीत उभं राहून तीनदा मोठ्यानं हाक मारली. काकूंचं दार बंद. तिसऱ्या मजल्यावर शांतता. बंड्याकाकांनी खालून वर पाहिलं, पण ते नेहमीच बघतात. कुत्रीनंही काही दखल घेतली नाही, पण ते पनीरचं बघू.

शेवग्याची शेंग (शनिवार, रात्री):

पुस्तिकेवर 'पपी' खोडून 'कावी' झालं. डॉक्टरांनी विचारलं, "कावेरीचं शॉर्टफॉर्म का?" समजावत बसले नाही. दोन दिवसांत हाकेला मान वळवायला लागली आहे, दहातल्या चार वेळा तरी. यू यू अजून दहापैकी दहा.