शब्दचर्चा: नजरअंदाज, अजमास, पारख

सातबारा: ‘नजरअंदाज पैसेवारी जाहीर’ अशी बातमी दरवर्षी येते (पैसेवारी म्हणजे गावाचं पीक पूर्ण पिकाच्या शेकडा किती आलं त्याचं माप) आणि शिकलेली पोरंही विचारतात, पैसेवारीकडे दुर्लक्ष झालं का? हिंदीतून तोच अर्थ कानावर पडतो ना. मराठीत याचा अर्थ कसा लावायचा? शिवाय ‘व्यक्तिनिष्ठ’ हा शब्द आजकाल दोष दाखवायलाच वापरतात. नजरेनं ठरवलेलं सगळंच कच्चं असतं का?

मोरांड: फारसीत ‘अंदाख़्तन’ म्हणजे टाकणे आणि ‘अंदाज़ा’ म्हणजे माप. हिंदी-उर्दूतला नजरअंदाज पहिल्या अर्थाचा, नजरेतून टाकलेला. महसुली मराठीत तो साधा समास आहे: नजरेने घेतलेला अंदाज. दुर्लक्षासाठी मराठीत ‘दुर्लक्ष’ हा धडधाकट शब्द असताना ‘नजरअंदाज केले’ लिहू नये. आपल्या भागात त्यानं खरोखर घोटाळा होतो.

आता पैसेवारी. जुना शब्द आणेवारी, सोळा आण्यांचं पीक म्हणजे पूर्ण पीक. 1957 मध्ये दशमान नाणी आली, पुढे मापही पैशांत गेलं. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर. अंतिम आकडा पीक कापणी प्रयोगावर उभा असतो. 10 मीटर बाय 10 मीटरच्या तुकड्यातलं पीक कापून तोललं की जितके किलो, तितके क्विंटल हेक्टरी. प्रमाण उत्पन्न, म्हणजे पूर्ण पिकाचं उत्पन्न, हेक्टरी 15 क्विंटल धरलं आणि तुकड्यात 7.5 किलो सोयाबीन निघालं, तर पैसेवारी बरोबर 50. टंचाईसाठी ती 50 च्या खाली लागते.

पण तेच सोयाबीन 18 टक्के ओलाव्याचं असताना तोललं असेल तर? 12 टक्क्यांवर वाळवल्यावर ते जेमतेम 7 किलो भरतं आणि पैसेवारी 47 च्या आत येते. काटा तोच, माणूसही प्रामाणिक, तरी गाव यादीत बसतं की बाहेर राहतं, हे तोलण्याच्या दिवसावर गेलं.

व्यक्तीचा निर्णय काट्याच्याही आधी येतो. शेत कोणतं निवडायचं? म्हणून गट क्रमांक यादृच्छिक आकड्याने काढतात आणि तुकड्याची जागाही शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून तशाच आकड्याइतकी पावलं मोजून धरतात. रस्त्याकाठचं शेत सोयीचं म्हणून घेतलं की प्रयोग तिथंच बिघडला. तुकड्याभोवतीच्या दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर? बुंधा आत असेल तर आत, फांद्या कुठंही जावोत. हे कापणीच्या आधी ठरवून सगळ्यांना सांगितलेलं असलं पाहिजे.

कपाशी: सातबाराभाऊ, नजर कच्ची कशी म्हनता? कापसाच्या गाडीवर जानता मानूस वरचा कापूस पायतच नाही, काहून का वरचा उन्हानं वाळलेला रायते. मधातून मूठभर काढते, सरकी दातात धरते. कटकन फुटली त वाळली, चेपली त ओली. मंग मीटर लावते. खरेदीत 8 टक्के ओलावा धरतात, 12 च्या वर गेला त माल वापस. पन कवडी (किडका, न फुललेला कापूस) किती, पत्ती (पाल्याचा चुरा) किती, धागा ओढल्यावर कसा तुटते, हे हातालेच समजते. याले आमच्याकडं अंदाज नाही म्हनत, पारख म्हनतात. अंदाज कोनीबी करते.

बैलाचंबी तसंच. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मंग आठ दात येऊन जुळला. इथवर वय बरोबर सांगता येते, जुळला म्हंजे पाचेक वर्साचा. त्याच्या पुढं दात झिजलेले पाहून जे सांगतात तो अंदाज. व्यापारी तोबी पारखीच्याच आवाजात सांगते, तिथं घेनाऱ्यानं सावध राहाव.

वर्धाकाठ: कपाशीभाऊंनी पारख आणि अंदाज यांत ओढलेली रेघ फार मोलाची आहे. दवाखान्यात तीच आखून दिलेली दिसते. व्हर्जिनिया ॲपगार यांनी 1952 मध्ये नवजात बाळाची तब्येत पाहण्यासाठी पाच खुणा ठरवल्या: रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा ताण, श्वास. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण, जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. नाडी 100 च्या वर की खाली, यावर बघणाऱ्या दोघांचं सहसा जुळतं. रंगावर जुळत नाही, सावळ्या बाळाच्या बाबतीत तर नाहीच.

म्हणून दोन शब्द वेगळे ठेवावेत असं मला वाटतं. व्यक्तिनिष्ठ म्हणजे बघणाऱ्या माणसावर उभं असलेलं. व्यक्तिसापेक्ष म्हणजे माणूस बदलला की बदलणारं. तीन जाणत्यांनी एकमेकांना न विचारता एकाच ढिगाऱ्याची प्रत सारखी सांगितली, तर ती प्रत व्यक्तिनिष्ठ आहे, व्यक्तिसापेक्ष नाही. दोष दाखवायचा असेल तर ‘व्यक्तिसापेक्ष’ वापरा.

सातबारा: हे पटलं. मग पंचनाम्यात ‘अजमासे’ लिहावं की नाही? मदतीसाठी किमान 33 टक्के नुकसानीची अट असली की त्या शब्दावर आक्षेप येतो.

मोरांड: लिहावं, पण जिथं मोजलं नाही तिथंच. ‘नुकसान अजमासे 60 टक्के’ एवढ्यावर सोडलं तर दुसऱ्याला तपासायला काहीच उरत नाही. असं लिहा: ‘तूर, शेंगा भरण्याची अवस्था. पाणी साचून मर. शेतात चार ठिकाणी सलग 10-10 झाडे मोजली. 40 पैकी 24 पूर्ण वाळलेली. उभ्या झाडांवर शेंगा अजमासे निम्म्या, मोजलेल्या नाहीत.’ चार जागा कशा निवडल्या तेही एका ओळीत टाका, कारण आक्षेप बहुतेक वेळा तिथंच निघतो.